चोराच्या मागावर



रविवारची मिस्सा संपली की आपण मोठी माणसे आवारात ख्यालीखुशाली विचारत उभी राहतो आणि मुले पायऱ्यांवर बसून चिठ्ठ्यांचा खेळ मांडतात. चार चिठ्ठ्या असतात : राजा, प्रधान, शिपाई आणि चोर. ज्याला शिपायाची चिठ्ठी येते त्याने इतरांच्या तोंडाकडे बघून चोर ओळखायचा. बरोबर ओळखला तर गुण शिपायाला, चुकला तर चोराला. मग चिठ्ठ्या पुन्हा हलवायच्या आणि पुन्हा टाकायच्या. मघाचा चोर आता राजा होतो आणि राजाच्या वाट्याला चोराची चिठ्ठी येते. खेळ संपला की सगळी पोरे एकाच नळावर पाणी पितात आणि आपापल्या घरी जातात. कालच्या चोराला आज कोणी चोर म्हणत नाही.

लहानपणी हा खेळ आपण सगळेच खेळलो आहोत. पण मोठ्यांच्या जगात चिठ्ठ्या नेहमी हलवल्या जात नाहीत. आपल्याच लातूर भागात अशी माणसे होऊन गेली, की ज्यांच्या हातात जन्मताच चोराची चिठ्ठी दिली गेली आणि मरेपर्यंत ती बदलली नाही. आज त्यांच्याविषयी, त्यांच्या मागावर असलेल्या पोलिसांविषयी आणि या दोघांकडे बघत उभ्या असलेल्या आपल्याविषयी थोडा विचार करू या. प्रश्न साधा आहे : चोराच्या मागावर जाणारा माणूस नेमके काय मिळवायला निघालेला असतो?

चोरी ती चोरीच

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. चोरी हे पाप आहे. देवाची सातवी आज्ञा त्याविषयी शंकेला जागा ठेवत नाही. चोराविषयी कळवळा वाटला म्हणून ज्याचे गेले त्याला विसरून चालणार नाही.

आपल्यापैकी कित्येकांनी लातूरच्या आडत बाजारात सोयाबीन, तूर घातली आहे. वर्षभराच्या घामाचे पैसे हातात येतात. त्यातून दुकानदाराची उधारी भागवायची असते, पोराची फी भरायची असते, पोरीच्या लग्नाचे बघायचे असते. एसटीत चढताना गर्दीत धक्का बसतो आणि मुरुडला उतरल्यावर कळते की खिसा कापलेला आहे. तो शेतकरी घरी काय तोंड घेऊन जात असेल? खिसेकापू माणसाची ऐपत बघून ब्लेड चालवत नाही. त्याच्या हाताला लागते ते पुष्कळदा गरिबाचेच असते.

म्हणून चोराचा माग काढणे हे समाजाच्या गरजेचे आणि मानाचे काम आहे. संत पौल रोमकरांस लिहितो की दुष्कर्माला आवर घालणारा अधिकारी हा देवाचा सेवक आहे (रोम. १३:४). चांगल्या पोलिसाचे काम बघितले तर ते पटते. मुंबई पोलिसांतील मधुकर झेंडे यांनी चार्ल्स सोभराज या नामचीन गुन्हेगाराला पहिल्यांदा १९७१ मध्ये पकडले. मार्च १९८६ मध्ये तो दिल्लीच्या तिहार तुरुंगातून पळाला. तेव्हा झेंडे यांना गोव्याला पाठवण्यात आले. त्यांनी त्याच्या सवयी ओळखून वाट पाहिली आणि ६ एप्रिल १९८६ रोजी पर्वरीच्या एका हॉटेलात त्याला धरले. पंधरा वर्षांनीही त्यांनी तो चेहरा ओळखला होता. यात चिकाटी होती, धीर होता आणि मुख्य म्हणजे माग एका माणसाचा होता. कोणत्या जातीचा किंवा वस्तीचा नव्हता.

हा फरक नीट लक्षात घ्यावा, कारण पुढचे सगळे त्याच्यावर अवलंबून आहे.

बोटाचा ठसा आणि जातीचा शिक्का

बोटांच्या ठशांवरून गुन्हेगार ओळखण्याची पद्धत आज जगभर आहे. ती घडली आपल्या देशात. ठशांची पद्धतशीर नोंद ठेवणारे कार्यालय १८९७ साली कोलकात्यात सुरू झाले. ठशांचे वर्गीकरण इंग्रज अधिकारी एडवर्ड हेन्री यांच्या नावाने ओळखले गेले, तरी त्यामागची मेहनत अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय पोलीस कर्मचाऱ्यांची होती. लंडनच्या स्कॉटलंड यार्डने ही पद्धत १९०१ मध्ये घेतली.

या पद्धतीचा पाया काय? देवाने एका माणसाच्या बोटासारखे दुसऱ्याचे बोट केलेले नाही. सख्ख्या भावांचे ठसे वेगळे, जुळ्यांचे सुद्धा वेगळे. ठसा सांगतो की हे काम या एकाच माणसाचे आहे, शेजारच्याचे नाही. म्हणजे ठसा जसा दोषी माणसाला पकडून देतो तसाच निर्दोष माणसाला सोडवतोही.

पण ज्या इंग्रज सरकारने हे शास्त्र उभे केले, त्याच सरकारने त्याच्या अगदी उलट असा एक कायदा आधीच करून ठेवला होता. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. काही जमातींतील लोक पिढ्यान्पिढ्या चोरीच करतात, त्यांचा तो जातीचा धंदाच आहे, असे सरकारने ठरवले. सुताराचा मुलगा सुतार होतो तसा चोराचा मुलगा चोर होणार, असा हिशेब केला आणि सबंध जमातीची नावे सरकारी वहीत चढवली. सुरुवातीला हा कायदा उत्तर हिंदुस्थानात होता. १९११ मध्ये तो मुंबई आणि मद्रास इलाख्यांतही आला. पारधी, कैकाडी, भामटा, टकारी अशा किती तरी जमाती त्यात आल्या. नोंद झालेल्या माणसाने पोलिसांकडे हजेरी द्यायची, परवान्याशिवाय गाव सोडायचे नाही. मूल जन्माला येताना हात रिकामे घेऊन येते, पण या मुलांच्या कपाळावर शिक्का आधीच मारलेला असे.

मुंबई इलाख्याचे पोलीस महानिरीक्षक एम. केनेडी यांनी १९०८ मध्ये या जमातींविषयी एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. रेल्वेत चोरी करणाऱ्या भामट्यांचे त्यातील वर्णन वाचले की चकित व्हायला होते. भामटा डब्यात खाली आडवा होतो, अंगावर मोठे कापड ओढून झोपेचे सोंग घेतो आणि त्या कापडाआडून बाकाखालच्या पिशव्या हाताने चाचपतो. पिशवी सहज उघडली नाही तर ओठ आणि हिरडी यांच्यामध्ये लपवलेली लहानशी बाकदार सुरी काढून शिवण उसवतो. पुढच्या काळात त्याच विषयावर लिहिणाऱ्यांनी ही माहिती पुन्हा पुन्हा वापरली. प्रवाशांना सावध करण्यासाठी ती उपयोगी होतीच. पण चोरीच्या एका रीतीचे वर्णन करता करता लेखणी सबंध जातीचे वर्णन करू लागली. एखाद्या भामट्याने रेल्वेत चोरी केली हे खरे असेल, पण त्यावरून त्या जमातीतल्या पाळण्यातल्या लेकराला चोर कसे म्हणणार?

या लोकांना सुधारायचे म्हणून तारेच्या कुंपणाच्या वसाहती उभारल्या गेल्या. आपल्याला जवळची म्हणजे सोलापूरची. आणि इथे आपण ख्रिस्ती लोकांनी थोडे थांबून मान खाली घालायला हवी. अशा काही वसाहती चालवायला सरकारने ख्रिस्ती मिशनांना दिल्या होत्या. उत्तरेत सॅल्व्हेशन आर्मीने त्या चालवल्या, सोलापुरात अमेरिकन मराठी मिशनने हे काम पाहिले. त्या मिशनऱ्यांनी मुलांना शाळा दिली, मोठ्यांना गिरणीत काम मिळवून दिले, हे नाकारू नये. ते आपल्या कॅथोलिक पंथाचे नव्हते असे म्हणून आपण मोकळेही होऊ शकतो. पण हातात बायबल घेतलेला माणूस तारेच्या कुंपणाच्या दाराशी हजेरी घेत उभा राहतो, हे चित्र ख्रिस्ताच्या नावाला शोभणारे नव्हते. चांगल्या हेतूनेही माणूस किती वाट चुकू शकतो याचा तो धडा आहे.

धनेगावचे एक पोर

आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. तरी या जमातींवरची पाळत इथेही सुटली नाही. ती कशी होती हे आपल्याला एका लातूरकरानेच सांगितले आहे. लक्ष्मण गायकवाड यांचा जन्म १९५२ साली आपल्या जिल्ह्यातील धनेगावचा. त्यांचे 'उचल्या' हे आत्मकथन १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. आपल्यापैकी ज्यांनी ते वाचले नसेल त्यांनी जरूर वाचावे. वाचताना त्रास होतो, पण तो त्रास आपल्याला चांगला आहे.

उचल्या म्हणजे उचलेगिरी करून जगणारा. बाजारात, गर्दीत हातचलाखीने वस्तू किंवा पैसे उचलणे हा त्यांच्या घराण्याचा धंदा. त्याचे शिक्षण लहानपणीच सुरू होई. पोलिसांच्या हाती लागल्यावर तोंडातून नाव निघू नये म्हणून मुलांना घरातच मार खायची सवय लावली जाई. आपण आपल्या लेकरांना 'आमच्या स्वर्गीय बापा' शिकवतो त्या वयात ही लेकरे मार सोसायला शिकत होती. आजोबांना पोलिसांच्या परवानगीशिवाय कुठे जाता येत नसे. रात्री-अपरात्री झडती येई, घरातल्या बायकांनाही मारहाण होई. आणि पुष्कळदा चोरीच्या मालातला वाटा मागणारा हात पोलिसाचाच असे. शिपाई आणि चोर एकाच ताटात जेवू लागले तर चोर ओळखायचा कोणी? चोरावर मोर म्हणतात ते हेच.

वडिलांनी लक्ष्मणला शाळेत घातले तर जातीतले लोकच बिथरले. आपल्यात कोणी शिकत नाही, हे काही भलतेच आहे, असे त्यांना वाटले. म्हणजे शिक्का नुसता बाहेरून मारला गेला नव्हता. तो मनात उतरला होता. तू चोर, तुझा बाप चोर, असे चार पिढ्या ऐकत आलेला माणूस एक दिवस ते खरे मानू लागतो. मला वाटते, या कायद्याचे सर्वांत मोठे पाप हेच. त्याने माणसांकडून त्यांचा दुसरा रस्ताच चोरून नेला.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी स्वतंत्र भारताने तो कायदा रद्द केला. त्या जमातींना विमुक्त म्हटले जाऊ लागले. पुढे १९९८ मध्ये महाश्वेतादेवी, गणेश देवी आणि लक्ष्मण गायकवाड यांनी मिळून विमुक्तांच्या हक्कांसाठी देशपातळीवर काम उभे केले. केंद्र सरकारने नेमलेल्या बाळकृष्ण रेणके आयोगाने २००८ मध्ये आपला अहवाल दिला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतील जातिभेदाविषयी निकाल देताना विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानीने अटक होऊ नये अशीही ताकीद पोलिसांना दिली. कायदा जाऊन बहात्तर वर्षे झाल्यावरही अशी ताकीद द्यावी लागली, यातच सगळे आले. वहीतले नाव खोडता येते, लोकांच्या मनातले खोडायला वेळ लागतो.

भूक आणि पाप

मग या माणसांची चोरी पाप होती की नव्हती? हा प्रश्न धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलेही विचारतात. त्याचे उत्तर ख्रिस्तसभेने फार विचारपूर्वक दिले आहे.

संत थॉमस अक्विनास तेराव्या शतकात सांगून गेले की देवाने पृथ्वीवरचे धन सर्वांसाठी निर्माण केले आहे. म्हणून प्राणावर बेतलेल्या माणसाने दुसरा उपाय नसताना जगण्यापुरते घेतले तर ती खऱ्या अर्थाने चोरी होत नाही. ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथातही (परिच्छेद २४०८) हीच शिकवण आहे. नीतिसूत्रांच्या पुस्तकात भुकेपोटी चोरी करणाऱ्याला लोक तुच्छ मानत नाहीत असे म्हटले आहे, पण सापडल्यावर त्याने भरपाई केली पाहिजे असेही लगेच सांगितले आहे (६:३०-३१). १९७२ चा दुष्काळ ज्यांनी अंगावर काढला त्या आपल्या वडीलधाऱ्यांना हे अधिक समजावून सांगायची गरज नाही.

पण प्रत्येक चोरी भुकेपोटी होत नाही. संत ऑगस्टीन यांनी आपल्या पापांची कबुली देताना एक आठवण लिहिली आहे. सोळाव्या वर्षी मित्रांबरोबर त्यांनी शेजारच्या झाडाची नासपतीची फळे रात्री चोरली. भूक नव्हती, घरी त्यापेक्षा चांगली फळे होती. थोडीशी चाखली, बाकीची डुकरांना टाकली. चोरीची मजा हाच चोरीचा हेतू होता. मोठेपणी, बिशप झाल्यावर, त्या फळांनी त्यांना फार अस्वस्थ केले. आता बघा, भरल्या पोटी केलेली ही चोरी भुकेल्याच्या चोरीपेक्षा वाईट होती. पण ऑगस्टीनच्या जातीला कोणी चोरांची जात म्हटले नाही. त्यांच्या चिठ्ठ्या हलवल्या गेल्या आणि चोराचा संत झाला.

आणि आपले काय? तारेवर आकडा टाकून वीज घेणारा, मापात पाप करणारा, बाईला दिवसभर खुरपायला लावून संध्याकाळी दहा-वीस रुपये कमी टेकवणारा, दुसऱ्याच्या नावचे रेशन उचलणारा, हे सगळे सातव्या आज्ञेखालीच येतात. त्यांच्या मागावर मात्र कोणी जात नाही. त्यांना पांढरपेशे कपडे असतात आणि चर्चमध्ये बसायला पुढची जागा असते.

आठवी आज्ञा

आता मला स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगितल्याशिवाय हा लेख लिहिण्याचा मला अधिकार नाही.

बरीच वर्षे झाली. आमच्या अंगणातला तांब्याचा हंडा एका सकाळी दिसेना. आईच्या माहेरचा तो हंडा. गावाबाहेर तेव्हा चार-पाच पाले उतरली होती आणि आदल्या दिवशी तिथली एक बाई कडेवर लेकरू घेऊन भाकरी मागायला आली होती. आईने तिला भाकरी-कालवण दिले होते. हंडा दिसेना म्हटल्यावर मी शेजाऱ्यांसमोर पटकन बोलून गेलो, "पालावरचीच असणार. दुसरं कोण?" मी एवढेच बोललो. पुढचे दुसऱ्यांनी केले. दहा-बारा पोरे पालांवर गेली, त्यांनी गाठोडी सोडून सामान विस्कटले, एकाला दोन-चार तडाखे दिले. हंडा मिळाला नाही. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत पाले उठून गेली होती. गावात कोणी तरी म्हणाले, "बघा, मनात चोरी होती म्हणून पळाले."

आठ दिवसांनी माझा थोरला भाऊ लातूरहून हंडा घेऊन आला. बुडाशी गळत होता म्हणून त्यानेच तो सांधायला नेला होता आणि घरात सांगायचे विसरला होता. हंडा परत आला, पाले परत आली नाहीत.

मी पापनिवेदनाला गेलो. माझ्या मते मी एक लहानसे पाप सांगत होतो. फादरांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "चोरीची क्षमा मागणाऱ्याला आपण काय करायला सांगतो?" मी म्हणालो, "चोरलेले परत करायला." ते म्हणाले, "मग तू परत काय करणार?" मला आधी कळलेच नाही. मी काही चोरले नव्हते. मग हळूहळू ध्यानात आले. त्या बाईजवळ होते काय? पाल, दोन गाठोडी आणि थोडेसे नाव. त्यातले नाव मी उचलले होते.

आठवी आज्ञा खोट्या साक्षीविरुद्ध आहे. धर्मशिक्षण ग्रंथ (परिच्छेद २४७७) सांगतो की पुरेसा आधार नसताना शेजाऱ्याचा दोष मनातल्या मनात खरा मानणे हेसुद्धा या आज्ञेविरुद्धचे पाप आहे. आणि जसे चोरलेले धन परत करावे लागते, तसेच घालवलेल्या अब्रूची भरपाई करणे हेही कर्तव्य आहे (परिच्छेद २४८७). सातव्या आज्ञेचा चोर आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. आठव्या आज्ञेचा चोर बहुतेक वेळा चोराच्या मागावर निघालेल्या गर्दीतच असतो, आणि सर्वांत मोठ्याने ओरडत असतो. त्या बाईला मी पुष्कळ विचारले, शोधले, पण ती पुन्हा भेटली नाही. ते कर्ज माझ्या अंगावर अजून आहे. हा लेख म्हणजे त्यातला एक लहानसा हप्ता समजा.

पकडणे आणि परत मिळवणे

इंग्रज लेखक जी. के. चेस्टरटन यांनी १९१० पासून फादर ब्राऊन नावाच्या एका धर्मगुरूच्या गोष्टी लिहिल्या. बुटका, साधा, हातात छत्री घेतलेला हा फादर मोठमोठे गुन्हे उलगडतो. चेस्टरटन पुढे १९२२ मध्ये कॅथोलिक झाले, आणि या फादरचे पात्र त्यांना सुचले ते जॉन ओ'कॉनर या त्यांच्या ओळखीच्या धर्मगुरूंवरून. पहिल्याच गोष्टीत फ्लांबो नावाचा एक अट्टल चोर फादरजवळचा मौल्यवान क्रूस पळवायला बघतो आणि स्वतःच फसतो. त्याला नवल वाटते की या साध्या धर्मगुरूला चोरांच्या युक्त्या कशा माहीत! त्यात नवल काही नाही. जो माणूस वर्षानुवर्षे लोकांची पापे ऐकतो त्याला जगातले वाईट कळणारच.

पुढे हा फादर गुन्हेगार शोधण्याची आपली रीत सांगतो. ती अशी की तो स्वतःच्या मनात उतरतो आणि हे पाप मी कसे केले असते ते बघतो. म्हणजे गुन्हेगार हा कोणी वेगळ्या जातीचा प्राणी आहे, असे तो मानत नाही. आपल्याही मनात तो चोर दडलेला आहे, हे त्याला माहीत आहे. म्हणूनच फ्लांबो हाती लागला तरी फादरची नजर बेडीकडे नसते. एका गोष्टीत तो त्याला समजावतो, चोरलेले हिरे परत करायला लावतो आणि त्या चोराचा रस्ता बदलतो. पुढच्या गोष्टींमध्ये फ्लांबो स्वतः गुप्तहेर होऊन फादरचा मित्र म्हणून वावरतो.

हे गोष्टीतच घडते असे नाही. फ्रान्समध्ये विदोक नावाचा, तुरुंगातून अनेकदा पळालेला एक गुन्हेगार पुढे पॅरिसच्या पोलिसांच्या बाजूला आला आणि १८११ च्या सुमारास त्याने साध्या वेशातील पोलिसांचे पथक उभे केले. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक, ही आपली म्हण त्याने खरी केली. पण त्याला कोणी तरी आधी विश्वासाने जवळ घेतले होते, म्हणून ते घडले.

आपल्या प्रभूकडे पाहा. एक मेंढरू हरवले तर मेंढपाळ नव्याण्णव मेंढरे सोडून त्याच्या मागे जातो (लूक १५:३-७). तोही माग काढणाराच आहे. त्यालाही पायांचे ठसे वाचावे लागतात, काट्याकुट्यांतून जावे लागते. पण सापडल्यावर तो मेंढराला दोरी बांधून ओढत आणत नाही, खांद्यावर घेतो. जक्कय जकातीच्या नावाखाली लोकांना लुबाडत होता. प्रभूने त्याला चारचौघांत चोर म्हटले नाही, नावाने हाक मारली आणि त्याच्या घरी जेवायला गेला. मग जक्कयानेच उभे राहून जाहीर केले की ज्याचे लुबाडले त्याला चौपट देईन (लूक १९:१-१०). पोलीस चौकशी करून जेवढे वसूल करता आले नसते तेवढे एका जेवणाने वसूल झाले!

आणि कालवारीवर काय झाले? गेथशेमानेच्या बागेत तलवारी आणि सोटे घेऊन लोक आले तेव्हा प्रभूने त्यांना विचारले की मी काय लुटारू आहे म्हणून तुम्ही असे आलात (मत्तय २६:५५). मग लोकांनी बरब्बाला सोडवले, आणि योहान सांगतो की बरब्बा लुटारू होता (योहान १८:४०). चोर सोडून संन्याशाला सुळी, ही म्हण आपले लोक रोज वापरतात. शुभशुक्रवारी ती अक्षरशः घडली आहे. ज्याच्यावर नाहक संशय घेतला जातो त्याच्या बाजूला प्रभू उभा आहे, कारण तो स्वतः त्या जागी उभा राहिला आहे.

शेजारच्या क्रूसावर मात्र खरा चोर होता. कायद्याने त्याला पकडले होते, शिक्षा दिली होती आणि त्या चोराने ती शिक्षा आपल्याला योग्यच आहे असे मान्य केले (लूक २३:४१). त्याने गुन्हा झाकला नाही, प्रभूनेही तो झाकला नाही. कायद्याच्या दृष्टीने त्याचे प्रकरण संपले होते. पण पकडला गेलेला तो माणूस खऱ्या अर्थाने सापडला तो प्रभूला. स्वर्गाचे पहिले आश्वासन एका चोराला मिळाले. परंपरेने त्याला दिस्मास हे नाव दिले आहे आणि ख्रिस्तसभा २५ मार्चला त्याचे स्मरण करते.

आपण काय करावे

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. चोराच्या मागावर जाणारा दोन गोष्टी मिळवू शकतो. एक, गेलेला माल. दोन, गेलेला माणूस. पोलिसाला निदान पहिली मिळवावी लागते आणि ती प्रामाणिकपणे, पुराव्याने मिळवली तर तो देवाचाच सेवक आहे. आपल्याला मात्र दुसरी विसरता येणार नाही. आणि जो संशयाने कोणाच्याही मागे धावतो त्याच्या हाती दोन्हींपैकी काहीच लागत नाही. उलट तो दुसऱ्याची अब्रू घालवून येतो.

गावात चोरी झाली तर तक्रार जरूर करावी. पण ज्याच्याविषयी आपल्याला माहिती नाही त्याचे नाव किंवा त्याच्या जातीचे नाव तोंडातून काढू नये. बाजारच्या दिवशी पालावरची बाई दुकानासमोर उभी राहिली की आपला हात आपोआप पिशवीकडे जातो. त्या हाताला एकदा विचारावे की ही सवय तुला कोणी लावली. आपल्या शाळांत विमुक्त जमातींतील मुले येतात, त्यांच्या दप्तराची झडती सर्वांत आधी होत नाही ना, हे शिकवणाऱ्यांनी पाहावे. आणि दर वेळी पापनिवेदनाला जाताना एक प्रश्न स्वतःला करावा : माझ्याकडे दुसऱ्याचे काय राहिले आहे? पैसा असेल, मजुरी असेल, बांधावरची हातभर जमीन असेल, किंवा कोणाचे चांगले नाव असेल. जे असेल ते शक्य तोवर परत करावे.

संत पौल चोरी सोडलेल्या माणसाकडून फार मोठी अपेक्षा करतो. त्याने हातांनी कष्ट करावे, ते कशासाठी, तर गरजूला देता यावे म्हणून (इफिस. ४:२८). जे हात घेत होते ते देणारे हात होऊ शकतात, असा पौलाचा विश्वास आहे. ज्या समाजाने धनेगावच्या त्या पोराच्या घराण्याला फक्त घेणारे हात म्हणून पाहिले, त्याच समाजाला त्या पोराने पुढे एक पुस्तक दिले, आणि त्या पुस्तकाने आपले डोळे उघडले. असा विश्वास ठेवायला आपणही शिकू या.

पुढच्या रविवारी मुले पायऱ्यांवर चिठ्ठ्या टाकतील तेव्हा पाच मिनिटे त्यांच्याजवळ थांबा. आणि ज्याला चोराची चिठ्ठी आली आहे त्याच्याकडे जरा प्रेमाने बघा.